कॅमेऱ्याची कडी

१९ जानेवारी २००९, सोमवार

परत तेच! 'उषाताई, तुमचा चेहरा दिसत नाहीये.'

चेहऱ्याचं काय लोणचं घालायचंय का यांना? सव्वीस गावांच्या आरोग्य-सख्यांचं काम सांगत होते मी. कुठल्या गावात किती बायका गरोदर, कुणाला लोहाच्या गोळ्या पोचल्या, कुणाच्या अजून कपाटातच पडल्यात. घसा कोरडा पडला. आणि दाते मॅडम तिकडं पुण्यात स्क्रीनला नाक लावून, डोळे बारीक करून बघताहेत. बाजारात बैलाचे दात बघावेत तसं! शेवटी म्हणाल्या, "हे सगळं लिहून पाठवा ना. आणि कॅमेरा बदला. चांगला घ्या, बिल संस्था देईल."

मी म्हणाले, मॅडम, लाइन स्लो आहे. खेड्यात असंच राहतं.

लाइनीचा काहीएक दोष नाही.

२१ जानेवारी

सकाळपासून लाईट नाही. केंद्रात एकटीच. कॉम्प्युटरवर कापड टाकून लिहायला बसले.

इथं तीर्थपुरीत माझं तोंड सगळ्यांना पाठ आहे. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी खालच्या ओठावर तांदळाएवढा ठिपका आला. आता दोन्ही ओठ, हनुवटी, डाव्या गालाचा अर्धा भाग. कोड. लिहिला एकदाचा शब्द! शहागडच्या सासूनं 'माहेरी राहून दवाखाना कर' म्हणून पाठवलं. तिसऱ्या महिन्यात नवऱ्याची दुसरी हळद लागली. अकरा वर्षं झाली त्याला. डॉक्टर सांगतात, हे लागट नसतं. लोक माना डोलावतात आणि माझा कप वेगळा ठेवतात.

पुण्याला मात्र यातलं काही माहीत नाही. माझ्या आधी हे केंद्र सगुणाबाई बघायच्या. दीड वर्षं मी त्यांच्या हाताखाली सखी होते. त्यांनी माझं नाव सुचवलं, संस्थेच्या मोठ्या सरांनी फोनवर मुलाखत घेतली. ऑक्टोबरपासून दर सोमवारी अकरा वाजता मी स्क्रीनवरच्या त्या चौकटीत बसते. डोक्यावरून पदर, आणि पदराचं टोक डाव्या हातानं तोंडापुढं. मोठ्या माणसांपुढं आमच्याकडं बायका धरतातच तसा. पहिल्याच दिवशी मोठे सर मॅडमच्या मागून म्हणाले होते, "मराठवाड्यात अजून मर्यादा आहे हो!"

मर्यादा! पदराआड हसू आलं होतं मला.

त्या चौकटीत मी नुसती उषाताई असते. कामाची बाई. आठवड्यातला तो अर्धा तास. बाकीच्या वेळी मी काय असते ते मला माहीत आहे.

२५ जानेवारी, रविवार

शेजारी सोनूबाईंकडं हळदीकुंकू. आई म्हणाली, जा, न्हाई गेलं तर वाईट दिसतं. गेले.

सगळ्यांना बोटानं कुंकू लावलं. माझी पाळी आली तशी सोनूबाई म्हणाल्या, "उषे, तुला पुडीत देते गं. घरी लाव. लई गर्दी होऊन राह्यली." पाच बायका होत्या. पाच!

पुडी हौदात टाकली. पाणी लाल झालं, मग आईचीच बोलणी खाल्ली.

२६ जानेवारी

झेंडावंदन, मीटिंग नाही. आज खरं लिहिते. वहीपाशी काय लपवायचं.

कॅमेऱ्याच्या भिंगाभोवती एक कडी असते, अंगठीएवढी. एका बाजूला फिरवली की चित्र लख्ख, उलट फिरवली की सगळं पाण्यात पडल्यासारखं. बसवणारा माणूस ऑक्टोबरात दाखवून गेला. तो जिना उतरल्या उतरल्या मी कडी अर्धा फेरा उलटी फिरवली. पदर कधी सरकला तर? म्हणून. चार महिने ती तशीच आहे. चार महिने मी लाइनीला शिव्या घालतेय.

२ फेब्रुवारी, सोमवार

जीव नुसता खालीवर होतोय.

संस्था आता सात जिल्ह्यांत नव्या सख्या घेणार आहे. त्यांना शिकवणाऱ्या बायका पुण्याच्या हॉलमध्ये बसतील आणि पहिला पाठ द्यायचा मी! इथूनच, कॅमेऱ्यावरून. अंगात रक्त कमी आहे हे मशीनशिवाय कसं ओळखायचं. खालची पापणी हलकेच ओढायची, आतला रंग बघायचा. लालसर असेल तर ठीक, पांढुरका असेल तर दवाखाना. दाते मॅडम म्हणाल्या, "तुमच्यासारखं हे कुणी समजावून लिहीत नाही. पाठ नीट झाला तर पुढं शिकवण्याचं कामच तुमच्याकडं. कायमचं."

मला हे काम हवंय. अकरा वर्षांत पहिल्यांदा काहीतरी हवंय.

आणि मग पुढचं वाक्य: "मोठ्या पडद्यावर दिसणार आहे, तेव्हा कॅमेरा एकदम स्वच्छ हवा."

भिंतीएवढा पडदा. त्यावर भिंतीएवढं माझं तोंड. पांढरं म्हणजे आजार, हे शिकवायचं मी!

७ फेब्रुवारी, शनिवार

जालन्याला गेले. दोन तास जीपमध्ये, दरवाजाला चिकटून. स्टँडजवळ महेमूदचं दुकान आहे. केंद्राचा कॉम्प्युटर त्यानंच दिलेला.

त्यानं तीन कॅमेरे काचेवर मांडले. मी हळूच विचारलं, यातला कमी दिसणारा कोणता?

"कमी?" तो बघतच राहिला. "ताई, बारा वरसं झाले दुकानाला. लोकं जास्तीवालं मागतेत. कमीवालं गिऱ्हाईक आजच बघून राह्यलो."

मग त्यानं एकेक जोडून दाखवला. पहिले दोन ठीक होते, दोन्हींनाही कडी होती. तिसरा लावला आणि दुकानातल्या मोठ्या मॉनिटरवर मी आले. जीपच्या वाऱ्यानं पदर कानामागं गेलेला, माझ्या लक्षात नव्हतं. घरात आरसा आहे, पण तो तळहाताएवढा. त्यात मी कुंकवापुरतं कपाळ बघते. एवढं सगळं एकदम कधी बघितलं नव्हतं. ओठांच्या कडासुद्धा मोजता येत होत्या.

महेमूदनं मॉनिटर बंद केला. बराच वेळ वायरी गुंडाळत बसला. मग खाली बघूनच म्हणाला, "याला कडी न्हाई. फोकस ह्यो सोत्ताच धरतो. कामासाठी पायजे आसंल तर बराबर हाच हाय. मंग तुमची मर्जी."

रिकाम्या हातानं परत आले. पुण्याला सांगणार की माल शिल्लक नव्हता. माझ्या तोंडाला आता कॅमेरासुद्धा शोभत नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

ही बाई ऐकतच नाही! रांजणीच्या सखीला टायफॉईड झालाय, सलाईन चालू आहे, असं सांगितलं. तर मॅडम हसून म्हणतात, "छान! माझ्यातर्फे शाबासकी द्या तिला."

आमची माणसं म्हणजे यांना काय वाटतात? कागदावरचे आकडे? मग परत डोळे बारीक करून माझ्याकडं बघणं. "उषाताई, तुमचा पदर जरा..." आणि थांबल्या. "असू दे, असू दे. कॅमेऱ्याचं तेवढं बघा."

पदर जरा काय? कुणी काही सांगितलं असेल का?

२३ फेब्रुवारी, सोमवार

दाते मॅडम: नऊ मार्चपर्यंत कॅमेरा बसला नाही तर पाठ पैठण केंद्राच्या ताईंना द्यावा लागेल.

पैठणच्या ताईंचा रंग केवड्यासारखा आहे म्हणे.

२४ फेब्रुवारी

आज एक काम केलं. चांगलं की वाईट ते नंतर कळेल.

मोठ्या सरांना मेल टाकला. लिहिलं की दाते मॅडम मीटिंगमध्ये लक्ष देत नाहीत. विचारावं एक, उत्तर देतात भलतंच. सखी आजारी आहे म्हटलं तर शाबासकी देतात. सगळं लिहून मागतात, म्हणजे आम्ही अर्धा तास घसा फोडायचा कशाला? आणि दर वेळी कामाचं सोडून कॅमेरा, कॅमेरा. ग्रामीण बाई म्हणून आमच्याकडं तमाशासारखं बघितलं जातं.

शेवटच्या वाक्याला जरा थांबले होते. पण ठेवलं. ही बाई हटली तर कॅमेऱ्याचा विषयही हटेल. दुसरी कुणी येईल, तिला माझं तोंड बघायची एवढी हौस नसेल.

एकही अक्षर खोटं नाही त्यात. तरी पाठवायचं बटण दाबण्याआधी दोनदा वाचलं.

२ मार्च, सोमवार

सरांचं उत्तर: 'नोंद घेतली आहे.'

आज मीटिंगला सर मॅडमच्या मागंच उभे होते, हातात वही. मध्येच त्यांनी मागून काहीतरी विचारलं. मॅडम वळल्याच नाहीत, माझ्याकडंच बघत राहिल्या. सरांनी वहीत लिहिलं. मला बरं वाटलं. हो, वाटलं बरं!

मीटिंग संपताना मॅडम हळू म्हणाल्या, "कॅमेरा घ्या उषाताई. माझ्यासाठी घ्या." चेहरा उतरला होता त्यांचा.

माझ्यासाठी म्हणे!

५ मार्च

नूरबी रिपोर्ट द्यायला आली होती. आमची सगळ्यात जुनी सखी. वय साठीला टेकलं, पण चार गावं पायी फिरते. पाठाला तिलाच समोर बसवून तिची पापणी ओढून दाखवायची असं ठरलं होतं. मी म्हणाले, नूरबी, पाठ राहू दे, पैठणवाल्या घेतील.

"कायको?"

मी माझं पान वाढून घेतलं. तिनं डबा उघडला, भाकरीचा तुकडा माझ्या पानातल्या भाजीत बुडवला आणि खाऊन टाकला. "दो बरस झाले, तुमच्या ताटातलं खाऊन राह्यले मी. मेरे को क्या हुआ? सफेद हाय तर हाय. दिखने दो ना ताई!"

"तुझं काय जातंय बोलायला," मी तोडून बोलले.

ती रागावली नाही. डबा धुऊन ठेवला. जाताना म्हणाली, "पापणी मेरीच दिखानी है ना? तुमी मागं उभं राहा. तुम्हाला कोन बघतंय!"

७ मार्च, शनिवार

नूरबीनं जीपमध्ये कोंबून नेलं. तिसराच घेतला, बिनकडीचा. महेमूदनं खोकं बांधताना एवढंच म्हटलं, "न्हाई जमलं तर परत आणा. बिलकुल परत घेतो." बघितलं नाही माझ्याकडं. भला माणूस.

जुना काढून टेबलाच्या खणात टाकला.

९ मार्च, सोमवार

नवीन कॅमेरा लागला. पदर दोन सेफ्टी पिना लावून पक्का केला, नाकापर्यंत. मॅडम आधी एकदम खुलल्या. "वा! भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा वाचता येतंय." मग मी बोलायला लागले तसा त्यांचा चेहरा पडत गेला. शेवटी तेच: "लिहून पाठवा."

काय पाहिजे काय या बाईला!

२१ मार्च

केंद्राचं दार लावून नूरबीबरोबर सराव. दोन्ही हात लागतात. एका हातानं डोकं धरायचं, दुसऱ्यानं पापणी. पदर धरायला तिसरा हात देवानं दिलेला नाही. पिना लावल्या तर मान वळत नाही.

पावडर लावून बघितली. तोंडाला ठीक, पण ओठांवर लावली तर सोंगाड्यासारखी दिसायला लागले. नूरबी हसली, मग मीपण हसले, मग मला रडू फुटलं ते थांबेना. ती नुसती पाठीवर हात फिरवत बसली.

२३ मार्च, सोमवार

घडलं तसं लिहिते.

अकराला पुणे लागलं. हॉल दिसला. ओळीनं बायका, पुढच्या खुर्चीवर दाते मॅडम, कडेला सर. मी नूरबीच्या मागं उभी, पदर एकाच पिनेवर. सुरुवात चांगली झाली. मग पापणीवर आले. दोन्ही हात नूरबीच्या तोंडावर, आणि तोंडानं मी सांगतेय, "बाई आधी नको म्हणंल. लाजंल. तिला सांगायचं, आजार लपवून ठेवला तर वाढतो, दाखवायला लाजायचं न्हाई..." हे वाक्य मी शंभरदा बोललेय. आज माझ्याच तोंडात ते जड झालं. मान खाली वाकवली तशी पिन सुटली आणि पदर सगळा खांद्यावर आला.

उचलता आला असता. एक हात काढायचा फक्त. पण नूरबीची पापणी धरलेली, आतला रंग दिसत होता, आणि हॉलमधल्या त्या सगळ्याजणी तो बघायलाच तर बसल्या होत्या. मी हात काढला नाही. तसंच बोलत राहिले.

हॉलमध्ये कुजबूज झाली. एकीनं शेजारणीला कोपरानं ढोसलं, मला दिसलं. चांगला कॅमेरा ना! तिकडचंही सगळं लख्ख वाटतं.

आणि दाते मॅडम खुर्चीतून उठल्या. पडद्याच्या अगदी जवळ आल्या. माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. डोळ्यांकडं नाही, नूरबीकडं नाही, तोंडाकडं! मी पाठ संपवेपर्यंत तशाच उभ्या, पापणी न हलवता. मग दोन्ही तळहात तोंडावर दाबले आणि हॉलच्या बाहेर निघून गेल्या. प्रश्न विचारायला कुणी उठलं नाही. सर म्हणाले, "धन्यवाद." लाइन बंद झाली.

किळस इतकी उघड कुणी दाखवली नव्हती आजपर्यंत. सासूनंसुद्धा नाही.

२४ मार्च

संपलं. आईला सांगितलं नाही.

२७ मार्च, पाडवा

आईनं गुढी उभी केली. साखरेची गाठी माझ्या गळ्यात घातली, लहान पोरीला घालावी तशी. "यंदा तुझं चांगलं होईल बघ." मी हो म्हणाले.

पुण्याहून फोन नाही, मेल नाही. राजीनामा लिहायला घेतला. 'घरगुती अडचणीमुळे.' दोन ओळींचं काम, दोन तास लागले, तरी सही केली नाही. ती चौकट गेली की मला उषाताई म्हणणारं नूरबीशिवाय कोण राहील?

३० मार्च, सोमवार

दहापासून बसले. पदर घेतला नाही. आता काय झाकायचं! अकरा वाजले, साडेअकरा, बारा. कॅमेऱ्याचा हिरवा दिवा नुसता माझ्याकडं बघत होता. एक वाजता लाईट गेली, तेव्हा उठले.

२ एप्रिल, गुरुवार

पोस्टानं पत्र आलं. दाते मॅडमचं, हातानं लिहिलेलं.

'...सहा वर्षांपासून माझे कान जात चाललेत. आवाज येतो, शब्द कळत नाहीत. समोरच्याचे ओठ बघून जुळवत होते, ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला पदर काढा असं कसं म्हणणार, म्हणून कॅमेरा मागत राहिले. सरांनी तुमचा मेल दाखवला. त्यातलं सगळं खरं आहे, तुमच्यावर राग नाही. एकतीस तारखेला मी नोकरी सोडते आहे. पाठाच्या सोमवारी पहिल्यांदा तुमचा शब्द न् शब्द कळला. तुमचे ओठ उठून दिसतात, मला सोपं गेलं. तुमच्यासमोर रडू नये म्हणून बाहेर गेले. पुढचे पाठ तुम्हीच घ्यायचे, तसं सरांकडून लिहून घेतलंय. जुना कॅमेराच खराब होता, त्याला तुम्ही काय करणार?'

खणातून जुना कॅमेरा काढला. कडी अर्धा फेरा सुलटी फिरवली. जोडून बघितला.

लख्ख दिसतंय.